पाटल्या ठेवू का मावशी?

बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरकडच्या एका सुनेचं पत्र आलंय, मोठं होतं, मी थोडक्यात देते.

"मावशी, आमची घरची एक 14 फुटी बंद बॉडीची गाडी आहे. बेळगावच्या डिस्ट्रिब्युटरचा माल, म्हणजे बिस्किटं, साबण, तेल, निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज आणि कोल्हापूरला पोचवतो, कोल्हापूरहून गाडी रिकामी येती. गाडी मामंजींच्या नावावर आहे, त्यांचं वय 70 च्या पुढं, चालवतात भाऊजी, बुकिंग आणि पैसे आमचे हे बघतात. गेल्या वर्षी हप्ते संपले. आता कोल्हापूरकडची एक 17 फुटी सेकंडहँड बघून ठेवलीय आणि डाऊन पेमेंटला माझ्या माहेरच्या पाटल्या आणि मोहनमाळ गहाण ठेवायचं म्हणतायत. गाडी रोज फिरती, तरी महिनाअखेरीला किराणा उधार येतो. विचारलं तर 'धंद्यातलं तुला काय कळतंय' म्हणतात. मी बी.कॉम. आहे. सोनं देऊ काय? नाही म्हटलं तर घरात तोंडं फिरतील."

अगं बाई, पहिलं एक सांगते, पाटल्या कपाटातच राहू देत, निदान दोन महिने. नाही म्हणू नकोस आणि होय पण म्हणू नकोस, "आधी मला या गाडीचा हिशोब बघू द्या मग मीच आणून देते" एवढंच म्हण. यात कुणाचा अपमान नाही, आणि खरं सांगू, तुझ्या घरात भांडण सोन्यावरनं नाहीच, गाडी नक्की किती कमावती हे घरात एकालाही माहीत नाही हे भांडण आहे, मामंजींना पण माहीत नाही हे मी लिहून देते.

हे मला कसं माहीत? आमच्या घरी टाटाची 407, म्हणजे छोटा ट्रक, होती. गाडी मी कधी चालवली नाही पण वही मी चालवली, आणि ती वही सुरू केली कधी, तर दुसरी जुनी गाडी घेऊन, माझ्या बांगड्या ठेवून, दीड वर्षात ती गाडी तोट्यात विकून झाल्यावर. विकणाऱ्यानं इंजिनकाम नवीन केलंय म्हणून सांगितलेलं, केलं होतं ते फक्त पेंटिंग. पण सगळा दोष त्या माणसावर टाकला तर खोटं होईल, पहिली गाडीच पैसे राखत नव्हती आणि आम्ही समजत होतो की गाडी एक आहे म्हणून पुरत नाही. तुमच्याकडं हेच चाललंय असं पत्रावरनं वाटतंय.

चल, एक फेरी मांडून बघू. आकडे मी गणिताला सोपे धरलेत, तुझे तू घाल. संकेश्वरहून बेळगाव, माल भरून कोल्हापूर, दहा दुकानं फिरून परत, असे सगळे मिळून 240 किलोमीटर धर. भाडं 6500. गाडी लिटरला 8 देते, म्हणजे 30 लिटर, 90 रुपये दर धरला तर 2700. हत्तरगी आणि कोगनोळीचा टोल जाऊन येऊन 600 धर, हमाली 400, चहा जेवण भत्ता 500. झाले 4200. तुझे मिस्टर इथंच थांबतात आणि म्हणतात 2300 सुटले. हे 2300 खिशात येतात, त्यातनं भाजी येती, लाईटबिल जातं, कुणाच्या तरी लग्नाचा आहेर जातो.

आता न दिसणारे खर्च बघ. सहा टायर, सेट 72 हजाराला धर, 60 हजार किलोमीटर चालला तर किलोमीटरला 1 रुपया 20 पैसे, म्हणजे या फेरीचे 288. ऑइल, ग्रीस, क्लच, कमानपाटे, ब्रेक यांना किलोमीटरला 2 रुपये धरले तर 480. इन्शुरन्स, परमिट, टॅक्स, पासिंग मिळून वर्षाला 84 हजार धरले आणि महिन्याला 20 फेऱ्या, तर फेरीमागे 350. आणि आता खरी गोम... भाऊजींचा पगार. बाहेरचा ड्रायव्हर ठेवला असता तर 18 हजार दिले असते ना? फेरीमागे 900. सगळं मिळून 2018. 2300 मधनं गेले की हातात 282 रुपये. दोनशे ब्याऐंशी! आणि यात तुझ्या मिस्टरांचा पगार नाही, गाडी म्हातारी होऊन बदलायची वेळ येईल त्याचा एक पैसा नाही. किराणा उधार का येतो याचं उत्तर हेच गं. टायरचे पैसे तुम्ही महिन्याला जेवलात, मग टायर घ्यायची वेळ आली की सोनं आठवतं.

अशा गाडीशेजारी अजून एक तशीच आणून उभी केली तर काय, 282 चे 564 होणार, आणि वर नवा हप्ता.

मग करायचं काय. वही. साधी दोनशे पानी, मोबाईलमधलं ॲप नको, भाऊजी ॲप उघडणार नाहीत पण डॅशबोर्डवर वही आणि दोरीनं बांधलेलं पेन असलं तर लिहितील, ते पण रोज चहा देताना तू विचारलंस तर. निघतानाचं किलोमीटर, आल्यावरचं किलोमीटर, डिझेल किती लिटर आणि कितीचं, टोल (तो फास्टॅगच्या स्टेटमेंटवरनं तू नंतर पण भरशील), हमाली, किती तास गोडाऊनला थांबवलं, आणि परतीला काय आणलं. हा शेवटचा रकाना लाल पेननं कर. आपल्याकडची गंमत बघ, पोरं आरटीओत कन्नड बोलतात, कोल्हापुरात मराठी, डिस्ट्रिब्युटरच्या मॅनेजरशी हिंदी, आणि हिशोब मात्र तिन्हीपैकी एकाही भाषेत लिहीत नाहीत.

लाल रकाना का, ते सांगते. तुमची गाडी कोल्हापूरहून रिकामी येती असं तू लिहिलंस, एका वाक्यात, सहज. मला त्या एका वाक्यावर सगळं पत्र उभं आहे असं वाटलं. कोल्हापूरपासून परत बेळगावपर्यंत शंभर-सव्वाशे किलोमीटर रिकामी बॉडी ओढत आणायची, डिझेल जाणार, टोल जाणार, टायर झिजणार, फक्त भाडं येत नाही. गोकुळ शिरगाव आहे, शिरोली आहे, कागलची एमआयडीसी वाटेवर आहे, इचलकरंजीचं कापड बेळगावला येतं आणि कापडाला तर बंद बॉडीच लागते, जून ते सप्टेंबर कोण ताडपत्रीवर विश्वास ठेवतंय? परतीला 2500 चं भाडं मिळालं, एजंटचं कमिशन आणि हमाली जाऊन 1800 राहिले, तर 282 चे झाले 2082. बघितलंस? सात पट, आणि एक रुपयाचं कर्ज नाही. रोज मिळणार नाही हे मला पण कळतं, पण वीस फेऱ्यांत आठ वेळा मिळालं तरी महिन्याला 14 हजारांवर जातंय. नव्या गाडीसाठी डीलरकडं जेवढ्या चकरा मारल्या तेवढ्या इचलकरंजीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडं मारल्या असत्या तर... असो, हे टोमणा म्हणून घरात वाचून दाखवू नकोस.

आता 17 फुटीचं. मी सरसकट घेऊ नका म्हणत नाही. पण विचार की ती लागती कशाला? बिस्किटं असली की बॉडी आधी भरती आणि वजन शिल्लक राहतं, तिथं लांब बॉडीचा फायदा आहे. साबण आणि तेल असलं की वजन आधी भरतं आणि वर अर्धी बॉडी हवा, तिथं तीन फूट जास्त घेऊन काय करणार, हवा वाहणार? महिनाभर वहीत लिही, कितीदा माल जागा नाही म्हणून मागं राहिला आणि कितीदा वजनामुळं. आणि 17 फुटी एकदा रविवार पेठेत नाहीतर निपाणीच्या आतल्या गल्लीत वळवून दाखवा म्हणावं.

अजून एक, हे भाऊजींच्या कानावर घालच. त्यांचं लायसन्स साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, आहे असं दिसतंय. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एलएमव्ही लायसन्सवर गाडी आणि माल धरून 7500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी चालवता येते, वेगळा शिक्का लागत नाही. म्हणजे आत्ताची 14 फुटी त्या मापात बसत असेल तर ठीक. पण 17 फुटी बहुतेक त्याच्या वर जाते. आरसीवर ग्रॉस वजन लिहिलेलं असतं, फोटो मागवून वाच. 7500 च्या वर असली आणि भाऊजी त्याच लायसन्सवर चालवत असले, तर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले पहिलं लायसन्सच बघतात, आणि मग पाटल्या सोड, शेत जाईल. शिवाय वजनाचा गट बदलला की थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता पण उडी मारतो, 2022 ला ठरलेल्या दरात 7500 पर्यंतच्या गाडीला 16,049 आणि त्याच्या पुढं 12 हजार किलोपर्यंत 27,186. हे डीलर सांगत नाही, तो फक्त कर्जाचा हप्ता किती बसेल ते सांगतो.

आणि ती गाडी एमएच 09 आहे. कर्नाटकात आणून कायम फिरवायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी लागणार, तो फॉर्म 28, जुन्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेकडनं फॉर्म 35, नाव बदलायला 29 आणि 30, मग इथला टॅक्स आणि बारा महिन्यांच्या वर इथं राहिली तर नवीन नंबर. जुनी चलनं किती थकलीत ते गाडी नंबर टाकून आधी बघा, व्यवहार झाल्यावर ती तुमचीच. गाडी आठ वर्षांच्या वरची असेल तर पासिंग दरवर्षी, त्याच्या आतली असेल तर दोन वर्षांनी. परमिट नीट बघा, नुसतं एका राज्याचं परमिट असेल तर कोगनोळीची सीमा ओलांडली की बेकायदा, नॅशनल परमिट असलेलं बरं. (3000 किलोच्या आतल्या छोटा हत्तीसारख्या गाड्यांना परमिटच लागत नाही, म्हणून मी म्हणते गल्लीतल्या मालाला गरज पडेल तेव्हा छोटा हत्ती भाड्यानं घ्या की.)

नंबरप्लेटवरनं आठवलं. बाहेरच्याला हे हसू येईल पण आपल्याला येत नाही. 6 डिसेंबर 2022 ला सीमावाद पेटून बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगड पडले तेव्हा आमच्या ओळखीतले तीन जण गाड्या ढाब्यामागं लावून बसलेले, तिकडं लगेच कर्नाटकच्या गाड्यांना त्रास. 1 नोव्हेंबर (त्यांचा राज्योत्सव, आपला काळा दिन), डिसेंबरातलं बेळगावच्या सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, मधेच कुठला तरी बंद, हे आपल्या धंद्याच्या कॅलेंडरात धरायचेच दिवस. वर्षाला पाच-सहा दिवस गाडी उभी राहणार असं वहीत आधीच लिहून ठेव. चोर्ला आणि अनमोड घाटांचं पण तसंच, पावसाळ्यात गोव्याचं भाडं कबूल करताना रस्ता चालू आहे काय विचारून मगच.

उधारीचं तू लिहिलं नाहीस पण असणार. डिझेल रोख, टोल रोख आणि डिस्ट्रिब्युटर देणार दोन महिन्यांनी, हे सगळीकडचं दुखणं. मामंजींच्या नावानं उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, कर, ऑनलाईन होते, फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर उठून ये. तो नंबर प्रत्येक बिलावर छाप. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचा कायदा आहे, आणि मुदतीत दिलं नाही आणि मार्चअखेरपर्यंतही थकलं तर समोरच्याला तो खर्च त्या वर्षी इन्कमटॅक्समध्ये वजा घेता येत नाही, त्यामुळं मार्च जवळ आला की त्यांचा सीए स्वतःच त्यांना आठवण करतो. भांडायला लागत नाही, नंबर छापलेला असला की बास. आणि पोच! माल खाली केल्यावर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय भाऊजींनी गाडी हलवायची नाही. फोटो काढून तुला व्हॉट्सॲपला टाकायचा, तिथल्या तिथं. निम्म्या उधाऱ्या पोच सापडत नाही म्हणून अडकतात.

तू बी.कॉम. आहेस तर हे पण बघ, दहा किंवा कमी गाड्या असल्या की इन्कमटॅक्समध्ये अंदाजी उत्पन्न दाखवायची सोय आहे, छोट्या गाडीला महिन्याला साडेसात हजार. रिटर्न भरत नसाल तर भरायला लागा, पुढं बँकेत कर्ज मागताना तीन वर्षांचे रिटर्न हेच तुझं सोनं. पॅन आणि गाड्यांचं डिक्लरेशन दिलं तर डिस्ट्रिब्युटर टीडीएस पण कापत नाही. बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची वाहतूकदाराची पावती, तुमच्या नावानं फाडता की नाही यावर जीएसटीचं गणित बदलतं, ते मात्र सीएसमोर बसूनच.

आता जरा नाजूक विषय. बंद बॉडी आहे, आत काय आहे ते दिसत नाही, आणि आपण सीमेवर राहतो. कुणीतरी येणार, "दादा चार बॉक्स आहेत, कागलला उतरवा, पाच हजार देतो." महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे, गोव्याची दारू तर विचारूच नकोस. पाच हजारासाठी गाडी जप्त होऊन पोलीस स्टेशनच्या आवारात सहा महिने गंजत पडलेली मी बघितलीय, टायर जमिनीला टेकलेले. गुटखा सोड, साधा टीव्ही असला आणि बिल नसलं तरी तोच घोळ, 50 हजारांच्या वरच्या मालाला जीएसटीचं ई-वे बिल लागतं आणि पकडलं तर टॅक्सच्या दुप्पट दंड. 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत, गाडी बंद पडली तर संपायच्या आधी आठ तासांपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत वाढवता येतं, आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला तर गाडी नंबर बदलायला विसरायचं नाही. पैशांची चणचण असलेल्या घरातच असले बॉक्स चढतात गं, म्हणून सांगतेय, तुमच्या भाऊजींवर संशय म्हणून नाही.

भाऊजींचंच सांगायचं तर त्यांना पगार लावा. हे मी सगळ्यात जोर देऊन सांगते. आत्ता ते काय करतात, लागतील तसे भाड्यातनं पैसे उचलतात आणि तुझे मिस्टर मनातल्या मनात मोजतात. उद्या जाऊ येईल, ती विचारेल आमचं काय, आणि तिचं बरोबर असेल. महिन्याच्या 5 तारखेला पगार, बँकेत, मिस्टरांना पण आणि वही सांभाळतेस म्हणून तुला पण, थोडा का असेना. गाडीचं बँक खातं वेगळं, किलोमीटरप्रमाणं टायर आणि मेंटेनन्सचे पैसे त्यातच पडून राहायचे, आहेर त्यातनं द्यायचा नाही. पगार कागदावर असला की दुसरा पण फायदा आहे, 15 लाखांचा जो मालक-ड्रायव्हरचा अपघात विमा असतो तो गाडी ज्याच्या नावावर त्याच्यासाठी, म्हणजे मामंजींसाठी, आणि मामंजी तर स्टिअरिंगला हात लावत नाहीत. भाऊजी रोज घाट उतरतात आणि त्यांच्या जिवाचा विमा आहे की नाही हे कुणी बघितलंय? पगारी ड्रायव्हरचं कव्हर पॉलिसीत घालून घ्या, त्यांचा स्वतःचा वेगळा अपघात विमा पण काढा.

आणि मामंजींचं वय 70 च्या पुढं म्हणालीस. वाईट बोलू नये पण धंद्यात बोलायला लागतं, परमिट ज्याच्या नावावर तो गेला तर 30 दिवसांत कळवून वारसाला तीन महिनेच त्या परमिटवर गाडी चालवता येते, तेवढ्यात सगळं नावावर करून घ्यायचं असतं, आणि सुतकात कोण आरटीओत जातंय? त्यांच्यासमोर, त्यांच्या मर्जीनं, आत्ताच पार्टनरशिप करा, मामंजी, दोघं भाऊ, आणि तुझे पैसे जाणार असले तर तू. हे तू बोलू नकोस, मामंजींना मान वाटेल अशा पद्धतीनं तुझ्या वडिलांनी किंवा सीएनं काढलेलं बरं.

राहिलं सोनं. माहेरचं सोनं हे स्त्रीधन, ते तुझंच, सासरच्या कपाटात असलं तरी तुझंच, सुप्रीम कोर्टानं 1985 मध्येच हे स्पष्ट केलंय. हे मी तुला भांडायला शिकवत नाही, फक्त मागणारा मागतोय आणि देणारी देतीय एवढं मनात स्वच्छ असू दे. दोन महिने वही झाली, परतीचा माल सुरू झाला, आणि आकडे म्हणाले की हप्ता गाडीतनंच निघतोय, तर खुशाल दे. पण गहाणाची पावती तुझ्या नावावर, सोडवायची तारीख लिहून, आणि गाडीत तुझा हिस्सा कागदावर. मोहनमाळ मात्र ठेवू नकोस, पाटल्या पुरे. हा माझा हट्ट आहे, याला कारण विचारू नकोस.

मिस्टर वहीला तयार नसतील तर भाऊजींपासून सुरू कर. पगाराचं ऐकलं की ते उद्यापासून किलोमीटर लिहायला लागतात की नाही बघ. आणि दोन महिन्यांनी मला परत लिही, पानांचे फोटो पाठव, लाल रकाना आधी बघणार मी.